नुसता चहा

परभणीत कुणाच्याही घरी अवेळी जा, चहा होतोच. 'नको' म्हटलं तर अर्धा कप होतो, 'खरंच नको' म्हटलं तर साखर वाढवून होतो. पण हा चहा माणूस आल्यावर टाकतात. चहासाठी म्हणून माणूस बोलवायचा, तोही आठ दिवस आधी, तोही रानात, तिथं टेबलावर पांढरी चादर अंथरून, हे आमच्याकडे सरळसरळ संशयास्पद कृत्य आहे. आमचे थोरले साडू नाझरसाहेब हे कृत्य दर जानेवारीत करतात.

नाझर हे त्यांचं आडनाव नाही, हुद्दा. सरकारी कचेरीतल्या खुर्च्या, पडदे, घड्याळं आणि न चालणारे पंखे ज्याच्या जिवावर उभे असतात तो नाझर. साहेब बदलून जातात, पंखा नाझराच्या नावावर राहतो. आणि झेंडावंदनानंतरचं चहापानही त्याच्याच गळ्यात. उरलेल्या महाराष्ट्राला 26 जानेवारी, 1 मे आणि 15 ऑगस्ट एवढ्यावर भागवता येतं. आम्हाला 17 सप्टेंबरही असतो. 1948 साली त्या दिवशी निजामाची राजवट संपली, आणि त्यामुळे मराठवाड्यातल्या नाझराला एक चहापान जास्त पडतं.

तीस वर्षं साहेबांनी ही चहापानं काढली. पहिल्या रांगेला सोफा, दुसरीला गादीच्या खुर्च्या, मागं प्लास्टिक. सोफ्याला काजू, गादीला बिस्किट, प्लास्टिकला नुसता चहा. त्या चहाला आलेल्या प्रत्येकाला कुणाकडून तरी काहीतरी हवं असायचं. बदली, बिल, बंदुकीचा परवाना, निदान फोटोत मान. नाझरसाहेब कोपऱ्यात उभे राहून कप मोजत. सगळ्यांचं झाल्यावर किटलीत तळाला जे उरे ते पीत. निवृत्तीच्या दिवशी हार गळ्यात असतानाच ते मला म्हणाले, "साडूभाऊ, एकदा असा चहा द्यायचाय की ज्याच्यात कुणाचं काही काम नाही."

मी मान डोलावली. मला काय माहीत की ते खरंच देतील.

वसमत रोडला त्यांचं दीड एकर रान आहे. बांधावर एक मोठा लिंब. (लिंब म्हणजे आमच्याकडे कडुलिंब, पुण्याच्या पाहुण्यानं त्याच्याखाली सरबताची वाट बघू नये.) जानेवारीत रान बघण्यासारखं असतं. ज्वारी निसवलेली, करडई काट्यावर आलेली. उन्हाळ्यात 44 अंशांत भाजून काढणारी हीच परभणी थंडीत पाच-सहा अंशांवर उतरते आणि पेपरात नाव मिळवते. पण दुपारी चार ते साडेपाच या दीड तासात, लिंबाच्या सावलीच्या काठावर, हवा अशी असते की माणूस उगाच चांगला वागतो. नाझरसाहेबांनी हा दीड तास हेरला होता.

बोन चायनाच्या चोवीस कपबशा आल्या. आल्या त्या थेट जडसंग्रह नोंदवहीत. ही वही त्यांनी घरी नव्यानं सुरू केलेली. पहिल्या पानावर त्यांच्या बायकोची, म्हणजे आमच्या आक्कांची, शिलाई मशीन आहे. 'कप, नग 24. बशा, नग 24. किटली, चिनी मातीची, नग 1.' किटलीसाठी आक्कांनी लोकरीची टिकोझी विणली, गुलाबी, वर गोंडा. पाव आणला, काकडी आणली. मग मोबाइलवर निमंत्रण गेलं: 'रविवारी दुपारी 4 वाजता रानात चहास यावे. निमित्त काही नाही. आहेर आणू नये.'

घोटाळा त्या मधल्या वाक्यानं केला. 'निमित्त काही नाही' असं आमच्याकडे कुणी लिहीत नाही. निमित्त नसेल तर माणूस गप्प बसतो. लिहिलंय म्हणजे काहीतरी मोठंच असणार.

रानात जेवायला जाणं आम्हाला नवं नाही. लातूरकडं वेळ अमावास्येला अख्खं गाव शिवारात असतं, कचेऱ्या ओस पडतात. आमच्याकडं हुरडा असतो. पण अमावास्या हे निमित्त आहे, हुरडा हे त्याहून मोठं निमित्त आहे. चहा हे निमित्त होत नाही. चहा हे निमित्ताच्या तोंडी लावायचं असतं.

माझ्या बायकोनं निघतानाच बजावलं, "कुठं सही करायची नाही." तिच्या मते प्रकरण पतसंस्थेच्या जामीनदाराचं होतं. धाकट्या साडूंनी तर बहिष्कारच टाकला. अधिवेशनाच्या आदल्या दिवशी विरोधी पक्ष मुख्यमंत्र्यांच्या चहापानावर टाकतो तसाच, फक्त कारण वेगळं: घरी येऊन बोलावलं नाही, मोबाइलवर बोलावलं. शेजारचे मास्तर सात-आठ फोन करून आले होते आणि त्यांची खात्री पटली होती की नाझरसाहेब रानाचं प्लॉटिंग पाडणार. रोडटच जागा, पांढरी चादर, मांडलेल्या खुर्च्या. "चहा झाला की नकाशा काढतील बघा," असं म्हणून त्यांनी लिंबाच्या पूर्वेची जागा पावलांनी मोजूनही घेतली.

साहेबांनी हौसेनं खुर्च्या गोल मांडल्या होत्या. सोफा नाही, गादी नाही, सगळे सारखे. पाहुण्यांनी येता येता त्या उचलून दोन रांगा केल्या, पुरुष इकडं, बाया तिकडं, तोंडं टेबलाकडं. पुढच्या रांगेतल्या चार खुर्च्यांवर कुणीच बसलं नाही, त्या प्रमुख पाहुण्यांच्या. काळ्या मातीत एकेक पाय रुतत होता, त्यामुळे अख्खी सभा डावीकडं कलली. कुणीतरी विचारलं, "माईक कुठाय?"

तेवढ्यात बांधावरून शेजारचा शेतकरी धावत आला. त्याच्या हातात सातबारा, आधारची झेरॉक्स आणि पासबुक. लांबून त्याला टेबल, कागदी रुमाल आणि जुने नाझर दिसले. पंचनाम्याचं पथक आलंय एवढं कळायला त्याला पुरे होतं. "साहेब, माझी तूर पण धरा, सगळीच गेली," तो म्हणाला. साहेबांनी त्याला बसवलं, चहा दिला. त्यानं तो पिला, आणि जाताना झेरॉक्स किटलीखाली ठेवून गेला.

रस्त्यावरून जाणाऱ्या एका ऑटोवाल्यानं मात्र पांढरी चादर आणि गप्प बसलेली माणसं बघून गाडी थांबवली, डोक्याला रुमाल बांधला आणि हळूच विचारलं, "कोण गेलं?"

पुण्याहून आलेला भाचा सगळ्यात सुखी होता. तो फोटो काढत म्हणाला, "काका, ही तर हाय टी!" इथं नाझरसाहेबांचा संयम पहिल्यांदा सुटला. त्यांनी विषयाचा अभ्यास केला होता. विलायतेत हाय टी म्हणजे कामगारांचं संध्याकाळचं जेवण, जेवणाच्या उंच टेबलावर, मटण-पावासकट. हे जे नाजूक असतं ते दुपारचं चहापान. ते 1840च्या सुमारास बेडफर्डच्या डचेसबाईंनी रूढ केलं, कारण दुपारच्या आणि रात्रीच्या जेवणामधे त्यांना भूक लागायची.

"म्हणजे तिला तरी भूक होती," मागच्या रांगेतून साहेबांच्या मावशी म्हणाल्या. "तुला काय झालंय?"

मास्तरांना बोलल्याशिवाय राहवत नाही. त्यांनी उठून प्रास्ताविक केलं, आणि चहा या विषयावर त्यांना पंचहौदच आठवलं. 1890 साली पुण्याच्या पंचहौद मिशनमधे व्याख्यानाला म्हणून मंडळी गेली, चहा-बिस्किटं पुढं आली. टिळकही होते, रानडेही होते. चहा घेतला कुणी, नुसता समोर ठेवून घेतला कुणी, ते बाजूलाच राहिलं. गोपाळराव जोश्यांनी हजर असणाऱ्यांची नावं छापून आणली, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, आणि एवढ्या मोठ्या माणसांना प्रायश्चित्त घ्यावं लागलं. "तेव्हा," मास्तर समारोप करत म्हणाले, "फुकटचा चहा कुणाचा आणि कशाबद्दल, हे आधी विचारून घ्यावं." टाळ्या पडल्या. दोघा-तिघांनी भाच्याला फोटो पुसायला सांगितले.

चहा मात्र चांगला होता, हे सांगायलाच हवं. तीन दगडांच्या चुलीवर, पळकाट्यांचा जाळ, गवती चहा बांधावरचाच. साहेब स्वतः प्रत्येकाच्या पुढं जाऊन किटली तिरपी करत, धार बारीक, एक थेंब बशीत नाही. आणि समोरचा माणूस तो सगळा चहा शांतपणे बशीत ओतून घेई. पहिल्या वेळी साहेबांचा चेहरा मी पाहिला. दहाव्या बशीपर्यंत तो निवळला होता. काकडीच्या सँडविचची वाऱ्यानं पापडी झाली होती. ती कुणी उचलली नाहीत, कारण ती मांडून ठेवण्यातली वाटली. आक्कांनी न बोलता लिंबामागून दुसरा डबा काढला, त्यात धपाटे होते आणि सुशीला, मुरमुरे बेतानं भिजवून शेंगदाण्याच्या कुटात परतलेला. सभेच्या रांगा तिथं मोडल्या. एका कपाचा कान तुटला, आणि साहेब त्या माणसाला "असू द्या, असू द्या" म्हणाले खरे, पण नंतर वहीत निर्लेखनाचा प्रस्ताव त्यांनीच मांडला आणि त्यांनीच मंजूर केला.

ऊन उतरलं तशी माणसं उठायची वेळ झाली, पण कुणी उठेना. निमित्त अजून बाहेर आलं नव्हतं. अशा वेळी मावशींनी किटलीवरची टिकोझी उचलली, उलटसुलट केली, गोंडा चाचपला आणि त्यांचा चेहरा उजळला. "अगं बाई! कुंची! सुनेला दिवस गेलेत का?"

पुढची दहा मिनिटं फार वाईट गेली. सून तिथंच होती. तिनं 'नाही' म्हटलं, त्याचाही अर्थ 'तिसरा महिना पुरा व्हायच्या आधी सांगत नसतात' असा लागला. बायांनी तिच्या ताटलीत आणखी एक धपाटा वाढला. आक्का टिकोझीचा उपयोग समजावत होत्या. किटलीला थंडी वाजते हे कुणाला पटत नव्हतं.

शेवटी मावशी नाझरसाहेबांसमोर उभ्या राहिल्या. "आरं बाबा, मी चौऱ्याऐंशी वर्षांची. सेलूहून रेल्वेनं आलेय. मला तरी खरं सांग, कामून बोलावलंस?"

साहेब थकले होते. त्यांनी इकडं तिकडं पाहिलं आणि म्हणाले, "मावशी, हा लिंब लावून आज पंचवीस वर्षं झाली."

सगळं रान एकदम सैलावलं. "मग आधी नाही का सांगायचं! कोरड्या हातानं आलो की!" मास्तर पुटपुटले की झाडं पावसाळ्यात लावतात, जानेवारीत नाही; पण निमित्त सापडल्यावर तारखा कोण बघतं? मंडळी पाचच मिनिटांत खूश होऊन निघाली.

दुसऱ्या वर्षी धाकटे साडूही आले. येताना प्रत्येकाच्या हातात पिशवी. मावशींनी लिंबाला कुंकू लावलं, नारळ फोडला. बुंध्याला टॉवेल गुंडाळले गेले, फांद्यांना टोप्या अडकवल्या. एकानं तर भरआहेर केला, धोतरासकट. नाझरसाहेब हातात किटली घेऊन बराच वेळ बघत उभे होते. मग मी पाहिलं, गर्दी लिंबाकडं होती, त्यांच्याकडं कुणाचंच लक्ष नव्हतं, तेव्हा ते मागच्या एका खुर्चीवर बसले आणि त्यांनी स्वतःला एक कप ओतून घेतला, वाफा निघत असलेला.

रात्री वहीत नोंद झाली: 'टॉवेल, नग 7. टोप्या, नग 7. धोतर, नग 1. ताबा: लिंब.'