ओट्याचा सातबारा

लहान स्वयंपाकघरात मिक्सर, एअर फ्रायर, टोस्टर, इंडक्शनची शेगडी आणि विजेची किटली ही मंडळी कुठे ठेवायची, हा प्रश्न आपण आजवर सुताराला विचारत आलो, तिथेच घोळ झाला. हा प्रश्न महसूल खात्याचा आहे. सुताराकडे प्रत्येक अडचणीवर एकच तोडगा असतो, आणखी एक कप्पा. आणि कप्पा झाला की तो भरायला आणखी एक यंत्र घरात येतं. उलट, जमीन थोडी आणि तिच्यावर हक्क सांगणारे फार, हे दुखणं महाराष्ट्राने पिढ्यान्‌पिढ्या काढलं आहे. १९४८ साली मुंबई राज्यात कूळकायदा आला. पुढे दुरुस्ती होऊन १ एप्रिल १९५७ हा ‘कृषक दिन’ ठरला आणि त्या दिवशी जो जमीन कसत होता, तो कायद्याच्या लेखी तिचा खरेदीदार मानला गेला. (तारखेवर जाऊ नका, कायदा गंभीर होता.) कसेल त्याची जमीन हे तत्त्व शेताला चालतं, तर ओट्याला का चालू नये? माझं म्हणणं इतकंच की, ओट्यावरची जागा यंत्राची किंमत, कंपनी, रंग किंवा देणाऱ्याचं नातं पाहून न देता वहिवाट पाहून द्यावी. जे राबतं त्याला ओटा. बाकीच्यांनी घर सोडावं.

आधी मोजणी करू. राष्ट्रीय इमारत संहिता म्हणते की, जेवायची जागा वेगळी असेल तर स्वयंपाकघर किमान ५ चौरस मीटरचं आणि १.८ मीटर रुंदीचं असावं. म्हणजे साधारण ५४ चौरस फूट. यातला ‘किमान’ हा शब्द बिल्डर मंडळी फार मनावर घेतात. अशा खोलीत आठ फुटांचा ओटा मिळाला तर नशीब म्हणायचं. दोन फूट सिंकने घेतले, अडीच फूट शेगडीने. उरलेल्या साडेतीन फुटांत पाण्याचा फिल्टर, तेलाची बरणी, मिसळणाचा डबा, दुधाचं पातेलं, घासून पालथी घातलेली भांडी. शिवाय पोळ्या लाटायच्या, म्हणजे पोळपाटाला हक्काची जागा हवीच. साऱ्या यंत्रजातीच्या वाट्याला येते ती जेमतेम फूट-दीड फूट. आता एअर फ्रायरकडे पाहा. अंगाने तो फूटभरच असतो, पण त्याची माहितीपुस्तिका सांगते की मागे आणि दोन्ही बाजूंना दहाएक सेंटिमीटर मोकळे सोडा. म्हणजे याला जमीन तर हवीच, वर भोवतीचं गायरानही हवं.

आणि जमिनीइतकाच पाण्याचाही, म्हणजे इथे विजेचा, विचार करावा लागतो. ओट्याजवळ साध्या प्लगच्या दोन जागा आणि जाड पिनांचा पॉवर पॉइंट एकच, ही जुन्या इमारतींतली सर्वसाधारण स्थिती. २३० व्होल्टवर ६ अँपिअरच्या प्लगमधून १,३८० वॅट मिळतात. मिक्सर त्यात सुखाने फिरतो, १,५०० वॅटच्या किटलीला ते पुरत नाहीत. १६ अँपिअरचा पॉइंट ३,६८० वॅट देतो. तिथे मल्टिप्लग खोचून २,००० वॅटची इंडक्शन आणि १,५०० वॅटचा एअर फ्रायर एकदम लावला की आपण बांधाच्या अगदी काठावर उभे असतो. तेवढ्यात कुणी चहासाठी किटलीचं बटण दाबलं, तर पूर्ण घराला अंधारात चहा प्यावा लागतो. म्हणून आच देणारी यंत्रं किती असावीत, हे कप्प्यांवरून न ठरवता पॉवर पॉइंटवरून ठरवावं. कालव्याचं पाणी एकाच वाफ्याला पुरत असेल, तर चार वाफ्यांत ऊस लावून काय उपयोग?

पूर्वी हा प्रश्न नव्हता, कारण तेव्हाची यंत्रं जमिनीवर राहत. पाटा, विळी, जातं यांना ओटा लागत नव्हता. १९२०च्या दशकात बांधलेल्या बीडीडी चाळींत १६० चौरस फुटांच्या खोलीत अख्खं कुटुंब राहिलं. तिथे पाटा भिंतीला टेकवून उभा केला की त्याची व्यवस्था लागली. त्याला वायर नव्हती, झाकण नव्हतं, वॉरंटी नव्हती. विजेचं यंत्र घरोघरी शिरलं ते मिक्सरच्या रूपाने. परदेशी मिक्सर आपल्या मसाल्यांपुढे मान टाकतात म्हणून सत्यप्रकाश माथुर यांनी १९६०च्या दशकात मुंबईत दणकट मोटरचा ‘सुमीत’ काढला, आणि त्याने ओट्यावरची जागा स्वतःच्या कष्टाने मिळवली. त्याबद्दल तक्रार नाही. घात झाला तो यंत्रं लहान झाल्यामुळे. १९४७ साली आलेला पहिला मायक्रोवेव्ह सुमारे सहा फूट उंच आणि ३४० किलो वजनाचा होता. तो कुठे ठेवायचा हे ठरवल्याशिवाय कुणी विकत घेतला नसेल. आजही फ्रिज घ्यायच्या आधी घरातला कर्ता पुरुष टेप घेऊन भिंत मोजतो, दरवाजा मोजतो, जिन्याचं वळण मोजतो. सँडविच टोस्टरसाठी टेप कुणी काढत नाही. ‘एवढंसं तर आहे’ या तीन शब्दांवर तो आत येतो. त्याच्या पाठोपाठ हँड ब्लेंडर, अंडी उकडायचं यंत्र, रोटी मेकर. २०१०मध्ये बर्लिनच्या प्रदर्शनात एअर फ्रायर जगापुढे आला, आणि काही वर्षांत तो आपल्याकडे वास्तुशांतीच्या आहेरात दिसू लागला. फ्रिजने जेवढी जागा कधी मागितली नाही, तेवढी हे ‘एवढेसे’ मिळून खातात.

आता पुराव्याकडे. सातबारा म्हणजे मुळात दोन नमुने. गाव नमुना सातमध्ये जमीन कुणाची ते लिहितात, बारामध्ये तिच्यात काय पिकलं ते. आपल्या स्वयंपाकघरांत सात नंबर चोख असतो. कुठलं यंत्र कधी, कुठल्या सेलमध्ये, किती टक्के सवलतीत घेतलं, हे घरात तोंडपाठ असतं. बारा नंबर मात्र कुणी भरत नाही. तो भरायला सुरुवात करावी. फ्रिजला एक कागद चिकटवावा आणि यंत्र चाललं की खूण करावी. राज्यात २०२१पासून शेतकरी स्वतःच्या मोबाइलवर ई-पीक पाहणी करतो, तर आपल्याला ओट्याची करायला काय हरकत आहे? ज्यांना लिहिण्याचा कंटाळा आहे त्यांनी बोट फिरवून पाहावं. फोडणीचं तेल उडून बसतं, त्यावर पिठाची धूळ, त्यावर पुन्हा तेल, असा जो पिवळट चिकट थर यंत्राच्या डोक्यावर तयार होतो, त्याच्याइतका प्रामाणिक तलाठी दुसरा नाही. रोजच्या मिक्सरवर डाग असतात, थर नसतो. थर असेल त्या यंत्रापुढे ‘पड’ असा शेरा मारावा.

पिकाबरोबर मशागतीचा खर्चही मांडायला हवा. यंत्राच्या जाहिरातीत काम किती मिनिटांत होतं ते सांगतात. काढणं, जोडणं, धुणं, वाळवणं, ठेवणं यांची मिनिटं कुणी सांगत नाही. मिक्सरचं चटणीचं भांडंच घ्या. ओल्या खोबऱ्याची चटणी वाटायला अर्धं मिनिट लागतं. मग पात्याच्या खाली जी चटणी अडकून बसते ती बोटाने निघत नाही, चमच्याने निघत नाही, पाणी घालून फिरवलं तरी अर्धी तिथेच राहते. शेवटी जुना टूथब्रश लागतो. झाकणाची रिंग काढून धुतली नाही तर आतून काळी पडते, आणि काढून धुतली तर सिंकच्या जाळीवर जाऊन बसते. तरीही मिक्सर या हिशोबात तरतो, कारण दाण्याचं कूट, वाटण, ताक, इडलीचं पीठ, इतकं पीक तो रोज देतो. फूड प्रोसेसर इथेच हरतो. दोन गाजरं किसायला सहा सुटे भाग धुवायचे असतील, तर किसणीने काय घोडं मारलं आहे?

यावर पहिला आक्षेप माळ्याचा. लागेल तेव्हा वापरू, एरवी माळ्यावर राहील, असं म्हणणारे सुज्ञ घरोघरी असतात. पण माळ्यावरून यंत्र उतरवायला स्टूल लागतं, स्टूल धरायला माणूस लागतो, आणि तो माणूस ‘कशाला आता, विकतचं आणू’ असं म्हणतो. दगडांचा ग्राइंडर दहा-बारा किलोंच्या घरात जातो. कोइमतूरच्या ग्राइंडरला भौगोलिक मानांकन आहे, त्याच्या गुणांविषयी वाद नाही, पण तो डोक्याच्या वर सहा फुटांवर असेल तर डोशापेक्षा हाडवैद्य जवळ. शिवाय माळ्यावर यंत्र एकटं जात नाही, त्याचं खोकंही जातं. खोकं यंत्राच्या दुप्पट. आतल्या थर्माकोलसकट ते वॉरंटीसाठी ठेवलेलं असतं, वॉरंटी संपली की घर बदलताना लागेल म्हणून. मॉड्युलर ट्रॉल्यांचीही तीच गत. कोपऱ्यातल्या फिरत्या ट्रॉलीत ठेवलेलं यंत्र फिरून फिरून मागे जातं. काही घरं तर कमाल जमीन धारणा कायदा आल्यावर बड्या जमीनदारांनी जे केलं तेच करतात. तेव्हा जमिनी नातेवाइकांच्या नावावर झाल्या. इथे ओटीजी ओव्हन बॉक्सच्या पलंगात, रजयांच्या खाली, वाटण्या करून ठेवला जातो.

दुसरा आक्षेप वजनदार आहे. वर्षातून एकदाच लागणाऱ्या वस्तूंचं काय? चकलीचा सोऱ्या, पुरणयंत्र, मोदकपात्र? पीकपाहणीत या सगळ्या पड ठरतील. पण कूळकायद्यानेही सगळ्यांना एका मापाने मोजलं नव्हतं. विधवा, अज्ञान मुलं, सैन्यातली माणसं यांच्या जमिनींसाठी त्यात वेगळी तरतूद होती. तशी तरतूद इथेही करावी. अटी दोनच: वस्तूला वायर नसावी आणि तिचं पीक दुसऱ्या कशाने निघत नसावं. सोऱ्याशिवाय चकली होत नाही, आणि सोऱ्या एका जुन्या डब्यात, पितळेच्या ताटल्यांसकट, पुढच्या दिवाळीपर्यंत बिनतक्रार पडून राहतो. रोटी मेकरचं पीक मात्र तव्यावर निघतं, आणि तेही फुगतं.

तिसरा आक्षेप खरा, आणि तो हसण्यावारी नेता येत नाही. यंत्रांनी हातांचे कष्ट वाचवले. खांदा धरलेल्या, बोटं आखडलेल्या बाईला पाट्यावर वाटायला लावणार का? मुळीच नाही. पण अमेरिकी इतिहासकार रुथ श्वार्ट्‌झ कोवन यांनी १९८३च्या ‘मोअर वर्क फॉर मदर’ या पुस्तकात दाखवलं, की घरात यंत्रं आली तरी बाईचे कामाचे तास काही त्या मापाने घटले नाहीत, कारण अपेक्षा वाढल्या. आपल्याकडे निराळं काय झालं? मिक्सर आला आणि चटणी रोज ताजी लागू लागली. म्हणूनच जे यंत्र खरोखर हात वाचवतं, ते प्लगमध्ये खोचलेलं, हाताच्या अंतरावर, पुढच्या रांगेत हवं. आखडलेल्या बोटांनी ते ट्रॉलीच्या तळातून ओढून काढायचं असेल, तर ते कष्ट वाचवतं असं म्हणवत नाही. पड यंत्रं हलवायची ती याचसाठी.

उरला प्रश्न गैरहजर जमीनदारांचा. घरात यंत्र आणणारा आणि त्यावर रांधणारा हे बहुतेक वेळा एक नसतात. आणणारा नवरा असतो, रात्री साडेअकराला मोबाइलवर सेल पाहणारा. किंवा मुलगा असतो, पुण्यात नोकरीला, नाहीतर न्यू जर्सीत. न्यू जर्सीहून बॅगेतून आलेल्या ब्लेंडरला १२० व्होल्ट लागतात. आपल्या २३०वर तो थेट लावला तर एकदाच, आणि धूर काढून, चालतो. म्हणून त्याच्याबरोबर विटेएवढा ट्रान्सफॉर्मर येतो आणि तोही ओट्यावर जागा मागतो. ‘पोराने पाठवलंय, कसं काढायचं?’ हा कोणत्याही कायद्याला न जुमानणारा युक्तिवाद आहे. त्यावर माझी तरतूद अशी: यंत्र ठेवायचं की काढायचं, याचा निकाल त्या घरात रोज पोळ्या लाटणारं माणूस देईल, मग ते कुणीही असो. आणणाऱ्याला निकाल मान्य नसेल तर त्याने अपील करावं. अपिलाची फी म्हणजे आठवडाभर त्या यंत्रावर स्वतः रांधायचं आणि त्याचे सुटे भाग स्वतः घासायचे, टूथब्रशसकट. अपिलं फार येतील असं वाटत नाही.