काका, रांगेत शेवटी

तायक्वांदो ही कोरियन युद्धकला असली, तरी तिच्यातील पट्ट्यांची उतरंड समजून घेणे नाशिककरांस जड जाऊ नये. या कलेतील प्राथमिक श्रेणी, ज्यांस ‘गुप’ म्हणतात, दहापासून एकपर्यंत उतरत येतात. काळा पट्टा मिळाल्यावर ‘डॅन’ श्रेणी एकपासून वर चढू लागतात. वर्गात सर्वांत वरिष्ठ विद्यार्थी पहिल्या रांगेच्या उजव्या टोकास आणि पांढरा पट्टा सर्वांत मागे उभा राहतो. वय, पगार आणि सोसायटीचे अध्यक्षपद यांची दखल या व्यवस्थेत कोठेही घेतलेली नाही, आणि पन्नाशी ओलांडून पांढरा पट्टा बांधलेल्या प्रस्तुत लेखकाची तक्रार नेमकी येथून सुरू होते.

ज्येष्ठतेचा प्रश्न गोदाकाठास नवा नाही. सिंहस्थात वैष्णव आखाडे रामकुंडावर, तर शैव आखाडे त्र्यंबकेश्वरी कुशावर्तावर स्नान करतात. त्यांतही आधी कोणी उतरायचे याचा क्रम ठरलेला असतो, प्रत्येकास वेळ नेमून दिलेली असते, आणि हा मान इतका नाजूक असतो की त्यासाठी पूर्वी शस्त्रेही उपसली गेली आहेत. ज्यांनी घरदार सोडले, नाव सोडले, अंगावरचे वस्त्रही सोडले, त्यांनासुद्धा ‘पुढे कोण’ हा प्रश्न जर सोडवत नसेल, तर गृहकर्जाचे हप्ते फेडणाऱ्या लेखकाने मागच्या रांगेत मनातल्या मनात कुढावे, यात नवल ते काय?

अपमानाचे मूर्तिमंत रूप म्हणजे पाचवीतील एक लाल पट्टेवाली. ‘काका, पाय अजून वर,’ असे ती ज्या सुरात सांगते, त्यात ‘काका’ हा आदर आणि उरलेला भाग हुकूम असतो. एकदा लेखकाच्या पट्ट्याची टोके लहानमोठी लोंबताना पाहून तिने न हसता गाठ सोडली, दोन्ही टोके जुळवून पुन्हा बांधली आणि ‘क्युंगने’ म्हणजे वंदनाची आज्ञा होताच समोर उभी राहून लेखकाइतकीच वाकली. आपल्याकडे नमस्कार करणारा वाकतो आणि घेणारा ताठ राहतो. येथे मात्र वरिष्ठालाही वाकावे लागते. वडीलधारेपणाच्या नावाखाली आयुष्यभर नुसते नमस्कार घेत आलेल्या पिढीस ही गोष्ट कोणी शिकवली नाही, याची चीड त्या क्षणी पट्ट्याच्या रंगापेक्षा अधिक बोचली.

तरीही मोह सुटत नाही. सोलमध्ये 1972 साली उभ्या राहिलेल्या कुक्कीवोन या मुख्य केंद्राच्या नियमांनुसार पहिल्या डॅनपासून नवव्या डॅनपर्यंत पोचण्यास किमान 38 वर्षे लागतात. या हिशेबाने लेखक पहिल्या रांगेच्या उजव्या टोकास पोचेल तेव्हा नव्वदी उलटलेली असेल, आणि त्या वयात लोक पट्टा न पाहताच उठून जागा देतात.