मर्ज बिनविरोध

"कॉन्फ्लिक्ट आलाय" असं कोणी म्हणालं की हिंजवडीतल्या कुठल्याही स्टँडअपमध्ये चेहरे पडतात. "क्लीन मर्ज झालं" म्हटलं की लीड खूश, मॅनेजर खूश, पुढचा विषय घ्या. आमचं म्हणणं नेमकं उलटं आहे. घाबरायचंच असेल तर बिनविरोध मर्जला घाबरा.

कारण गिटला तुमचा कोड कळत नाही, ओळी कळतात. दोन ब्रँच जोडताना ते तीन प्रती समोर ठेवतं: तुमची, समोरच्याची आणि दोघांच्या वाटा जिथून फुटल्या तिथली. एकानेच ओळ बदलली असेल तर बदललेली उचलतं. दोघांनी तीच ओळ वेगवेगळी बदलली असेल तर हात वर करतं. मग फाइलमध्ये सात डावे कोन, तुमचा मजकूर, सात बरोबरची चिन्हं, समोरच्याचा मजकूर, सात उजवे कोन. मला यातलं कळत नाही, तुमचं तुम्ही बघा! आयटीत इतक्या स्पष्टपणे हे कबूल करणारं दुसरं कोणी असेल तर कळवा.

आता हे बघा. बिलिंगच्या एका फंक्शनमध्ये रक्कम रुपयांत जायची. एकाने आपल्या ब्रँचवर ती पैशांत घ्यायला सुरुवात केली आणि ते फंक्शन जिथे जिथे वापरलं होतं, त्या सगळ्या जागा दुरुस्त केल्या. चोख काम. त्याच आठवड्यात दुसरीने वेगळ्या फाइलमध्ये तेच फंक्शन नव्याने वापरलं आणि रुपयांच्या हिशेबाने 500 पाठवले. तेही चोख. फाइल वेगळी, ओळ वेगळी, गिटची हरकत शून्य. मर्ज बिनविरोध, बिल्ड हिरवं आणि ग्राहकाला 500 रुपयांऐवजी 5 रुपयांचं बिल. अशा बाबतीत ग्राहक तक्रार करत नाही, हे सांगायला नकोच.

पूर्वी ही भानगड नव्हती, दुसरी होती. व्हिज्युअल सोर्ससेफच्या काळात फाइल सहसा एका वेळी एकाच्याच ताब्यात असायची. ती चेक-आउट करून कोणी गणपतीला कोकणात गेलं, की बाकीचे विसर्जनापर्यंत हात चोळत बसायचे. कॉन्फ्लिक्ट शून्य, काम शून्य. 2005 मध्ये लिनस टोरवाल्ड्सने गिट लिहिलं आणि ब्रँच काढणं जवळपास फुकट झालं. फुकट ते पौष्टिक! तिकिटागणिक ब्रँच, माणसागणिक ब्रँच, आणि नोकरी सोडून गेलेल्यांच्याही ब्रँच, ज्या डिलीट करायची कोणाची छाती होत नाही.

खुद्द टोरवाल्ड्सच्याच लिनक्स कर्नलमध्ये 2014 साली एका मर्जला 66 पालक होते. अनेक ब्रँच एका दमात जोडणाऱ्या या प्रकाराला ऑक्टोपस म्हणतात. गंमत म्हणजे हाताने सोडवावा लागेल असा कॉन्फ्लिक्ट दिसला की ऑक्टोपस काम करायलाच नकार देतो. त्याला फक्त बिनविरोध चालतं. टोरवाल्ड्सने ते मर्ज घेतलं, पण हा ऑक्टोपस नव्हे, राक्षस आहे, असा टोलाही हाणला.

ब्रँचना शिस्त लावायला व्हिन्सेंट ड्रीसनने 2010 मध्ये गिट-फ्लो मांडला: मास्टर, डेव्हलप, फीचर, रिलीज, हॉटफिक्स. 2020 मध्ये त्यानेच त्यावर टीप जोडली, की सतत डिलिव्हरी करणाऱ्या टीमने याहून सोपी पद्धत वापरावी. ऑफिसांच्या प्रोसेस डॉक्युमेंटमध्ये गिट-फ्लोची आकृती लगेच मर्ज झाली. टीप अजून रिव्ह्यूत आहे.

त्यात रीबेस नावाची करामत. साध्या मर्जमध्ये 'अवर्स' म्हणजे तुमचं आणि 'देअर्स' म्हणजे समोरच्याचं. रीबेसमध्ये तुमचे कमिट समोरच्याच्या कामावर एकेक करून पुन्हा रचले जातात, त्यामुळे 'अवर्स' म्हणजे समोरचं आणि 'देअर्स' म्हणजे तुमचंच. शुक्रवारी संध्याकाळी सहा वाजता हे आठवत नाही. आठवतं ते सोमवारी, आपलं आठवड्याचं काम आपल्याच हाताने पुसल्यावर.

यावर उपाय आहे आणि तो दीडदमडीचा आहे. ब्रँच दोन दिवसांपेक्षा जास्त जगू द्यायची नाही. मेन ब्रँच रोज आपल्या ब्रँचमध्ये ओढून घ्यायची. मर्जनंतर टेस्ट पुन्हा चालवायच्या. आणि मधूनमधून खुर्ची सोडून शेजारच्या टेबलाशी जाऊन विचारायचं, "तू बिलिंगमध्ये काय करतोयस?" या शेवटच्या पायरीला लायसन्स लागत नाही, म्हणून ती कोणी विकतही नाही आणि वापरतही नाही.

त्यापेक्षा व्हीएस कोडमधलं बटण सोपं. कॉन्फ्लिक्टच्या वरच 'अ‍ॅक्सेप्ट बोथ' लिहिलेलं असतं. दोन्ही ठेवा, कोणी दुखावायला नको. मग बिलात कर एकदा या ओळीत वाढतो, एकदा त्या ओळीत. या बटणाच्या लोकप्रियतेचं खरं कारण मात्र गिट ब्लेम चालवल्यावर कळतं. पहिली ओळ लिहिणाऱ्याचं नाव पहिल्या ओळीवर येतं, दुसरीचं दुसरीवर. दोघांचंही आपापल्या जागी बरोबरच होतं, तरी जाब दोघांना. ज्याने बटण दाबून ही सोयरीक जुळवली, त्याचं नाव एकाही ओळीवर येत नाही. अप्रेझलमध्ये मात्र येतं: टीम प्लेअर.