नफा तिघांचा, रस्सा एकाचा

(टेबल, फायलींचे गठ्ठे, एक अर्धवट टाइप केलेला करारनामा. पात्र: नाशिकचे करसल्लागार, वय पन्नाशीपुढे. दाराबाहेर भांडणाचा आवाज. ते शांतपणे चष्मा पुसतात.)

ऐकताय ना? मित्र आहेत ते. शत्रू इतक्या जवळ येऊन भांडत नाहीत.

मिसळीचं दुकान काढायचंय. नाशकात! नाव ठरलं, बोर्डाचा रंग ठरला, उद्घाटनाला कुठला नगरसेवक बोलवायचा तेही ठरलं. राहिलं काय? कुणाला किती.

खरी नावं मी सांगणार नाही, आमच्या धंद्याला ते शोभत नाही. एकाला म्हणू भांडवल, दुसरा जागा, तिसरा रस्सा.

भांडवलनं बारा लाख घातलेत. (खुर्चीत रेलून) "पैसा माझा, तर निम्मा नफा माझा. सरळ हिशेब!" जागाचा स्वतःचा गाळा आहे. (किल्ली फिरवत) "गाळा नसता तर बारा लाख काय डोक्यावर घेऊन मिसळ विकणार होतास?" आणि रस्सा पहाटे चारला उठून मसाला भाजणार. तो कोपऱ्यातून म्हणाला, "मला काय कळतंय त्यातलं, साहेब. समान करून टाका."

ज्याला काही कळत नाही, तोच कायद्याचं बोलून गेला!

१९३२ चा भारतीय भागीदारी कायदा, कलम १३. करारात काही लिहिलेलं नसेल तर नफा समान, तोटाही समान. कुणी किती घातले, कायदा विचारतसुद्धा नाही. भांडवलावर व्याज? करारात असेल तरच, आणि तेही नफा झाला तरच. भांडवलचा चेहरा पडला. रस्सा खूश! मग मी त्याच कलमातली आणखी एक ओळ वाचली. धंद्यात राबल्याबद्दल भागीदाराला पगार नाही, करारात लिहिल्याशिवाय एक दमडी नाही. (थांबून) रस्सा म्हणाला, "म्हणजे मी फुकट भाजायचं?"

नाही रे बाबा, फुकट नाही. समान! तू चारला उठणार, हा नऊला उठून गल्ला मोजायला येणार. दोघांना समान.

पण खरं सांगू? नफ्याचं भांडण सोपं असतं, कारण नफा अजून झालेलाच नसतो. माणूस अवघडतो तो खर्चापाशी. भांडवलचे पाहुणे येणार. "आपल्याच दुकानात बिल द्यायचं?" जागाच्या घरी रोज संध्याकाळी फरसाणाचा पुडा जाणार. "उरलेलंच तर नेतो!" संध्याकाळी सहाला उरलेलं कसं असतं, हे मला कुणीतरी समजवा. आणि रस्सा? तो काहीच नेत नाही. फक्त चव बघतो. दिवसाला चार वाट्या. पावासकट!

(करारनामा उचलून) म्हणून मी म्हटलं, आधी प्रत्येकाचं देणं वेगळं काढा. गाळ्याला भाडं, पंचवीस हजार. रस्साला पगार, तीस हजार. बारा लाखांवर बारा टक्के व्याज, महिन्याला बारा हजार. आयकर खातंही बारा टक्क्यांपर्यंतच खर्च धरतं, वर मागू नका. झाले सदुसष्ट. घरी नेलेलं फरसाण ज्याच्या त्याच्या उचल खात्यात. आणि मग जे उरेल ते तिघांत समान. आता बोला!

सगळे खूश. मला मिठ्या! "साहेब, तुम्ही देव आहात!"

मग जागानं विचारलं, "पण उरेल किती?"

माल, गॅस, पोरांचे पगार वजा जाता महिन्याला सत्तर हजार सुटतील असा अंदाज. सत्तरातून सदुसष्ट गेले. तीन हजार. माणशी एक हजार. तेवढ्यात रस्सा हळूच म्हणाला, "भांडवलच्या पाहुण्यांची उधारी बत्तीसशेवर जाईल, साहेब. ती बुडीत धरा." म्हणजे दोनशे रुपये तोटा! माणशी सहासष्ट रुपये सदुसष्ट पैसे.

(बाहेरचा आवाज वाढतो. ते कान देतात.)

आता कशावरून, माहितीये? वरचा एक पैसा कुणी सोसायचा!

नाही, गंमत केली. माझ्या फीवरून चाललंय. भांडवल म्हणतो दुकानाच्या खर्चात टाका, जागा म्हणतो ज्यानं करार मागितला त्यानं द्या, रस्सा म्हणतो उद्घाटनाला मिसळ खाऊ घालतो.

भांडू देत. दुकानाच्या नावानं बिल फाडणार आहे मी. कलम २५! फर्मच्या देण्याला प्रत्येक भागीदार इतरांसह आणि एकेकटाही पूर्ण जबाबदार.

(दाराकडे वळून, गोड आवाजात) या, या! जो आधी आत येईल, त्यानं सगळी द्यायची.

(बाहेर एकदम शांतता. अंधार.)