बघून गेले

‘मासा मिळाला नाही’ या वाक्यात दोन अगदी वेगळे अनुभव एकत्र नांदतात. पहिल्यात पाण्यात मासा नव्हताच, किंवा असला तरी भलतीकडे होता. हा अनुभव सोसण्यासारखा आहे. माणूस वाऱ्याला, ओहोटीला, अमावास्येला, फार तर शेजारी बसून बडबडणाऱ्या मेव्हण्याला दोष देतो आणि घरी येऊन पिठलं-भात खातो. दुसऱ्यात मासा होता. तो आला, त्याने आपलं आमिष नीट निरखलं आणि निघून गेला. हेही हजारो वर्षं घडत आलंय, पण गळ टाकणाऱ्याला त्याचा पत्ता लागत नव्हता. आता तो लावून देणारं यंत्र विकत मिळतं. त्याची निष्ठुरता पुरती पाहायची असेल तर कॅनडातल्या एखाद्या गोठलेल्या तळ्यावर जाऊन बसावं.

टोरोंटोहून उत्तरेला तासभर गाडी चालवली की सिमको लागतं. तळं म्हणायचं इतकंच. पसारा सव्वासातशे चौरस किलोमीटरचा. बृहन्मुंबई आत ठेवली तर वर ठाण्याचाही थोडाफार भाग मावेल. सर्वांत खोल जागी पाणी ४१ मीटर, त्यामुळे मुंबईतल्या टॉवरवाल्यांनी काळजी करू नये. हे सगळं साधारण जानेवारीत गोठतं. सर्वांत शेवटी गोठते ती केम्पनफेल्टची खाडी, कारण तिथलं पाणी खोल आणि खोल पाणी निवायला वेळ लागतो. बर्फ पुरेसा धरला की त्यावर खोपटी उभी राहतात, आणि शहाण्यासुरत्या, घरी हीटर असलेल्या माणसांचे तांडे तिकडे निघतात. पुष्कळांना हवा असतो लेक ट्राउट: करड्या अंगावर फिकट ठिपके, दुभंगलेली शेपटी, थंडगार खोल पाण्याचा रहिवासी.

आमचे मामा रेवदंड्याचे. कुंडलिकेच्या खाडीत गरी टाकत वाढले, तलाठी म्हणून निवृत्त झाले आणि लेकीकडे मिसिसॉगाला राहायला आले ते ऐन फेब्रुवारीत. घरात कोंडून कंटाळले होते. बर्फावर मासे धरतात हे ऐकल्यावर त्यांनी आधी विश्वास ठेवला नाही आणि नंतर पिच्छा सोडला नाही.

पहिला धक्का परवान्याचा. गळ टाकायला सरकारी परवाना लागतो, आणि पाहुण्याला तर लागतोच लागतो, हे त्यांच्या खाडीकाठच्या मनाला पटेना. पण कागद हातात आल्यावर ते खुलले. मागूनपुढून वाचला. मग बर्फावरच्या प्रत्येक खोपट्याच्या बाहेर नोंदणी क्रमांक लिहावा लागतो आणि त्याचे आकडे किमान ६.३ सेंटिमीटर उंच असावे लागतात, हे मी सांगितलं तेव्हा कॅनडाविषयीचा त्यांचा आदर एकदम वाढला. “आणि ही जागा कुणाची?” त्यांनी विचारलं. मी म्हटलं, पाणी सरकारचं, खोपटं भाड्याने देणाऱ्याचं, भोक संध्याकाळपर्यंत आपलं. हे त्यांना लगेच समजलं.

काठापासून खोपट्यापर्यंत नेणारी गाडी पाहण्यासारखी असते. पत्र्याचं गोलाकार अंग, गोल खिडक्या, पुढे चाकांऐवजी घसरपट्ट्या, मागे रणगाड्याला असतात तसले पट्टे. क्वेबेकमधल्या वालकूर गावच्या जोसेफ-आर्मांद बोंबार्डिए या मेकॅनिकची ही करामत. १९३४ च्या हिवाळ्यात त्याचा दोन वर्षांचा मुलगा ॲपेंडिक्सच्या दुखण्याने गेला. रस्ते बर्फाने बंद होते, इस्पितळ गाठता आलं नाही. १९३७ मध्ये बोंबार्डिएला बर्फावर धावणाऱ्या गाडीचं पेटंट मिळालं. डॉक्टर, टपाल, शाळकरी पोरं पोचवायला त्या गाड्या धावल्या. त्यांतल्याच जुन्या काही गाड्या आता थर्मास, सँडविच आणि आमच्यासारखे लोक घेऊन तळ्यावर धडधडतात. मामांनी ही हकिकत ऐकली आणि खोपटं येईपर्यंत काही बोलले नाहीत.

बोलले ते बर्फ बोलल्यावर. दूर कुठेतरी खोल ‘डुंऽऽम’ असा आवाज झाला, आमच्या पायांखालून गेला आणि पलीकडच्या काठाकडे निघून गेला. मामांनी बाक घट्ट धरलं. तापमान बदललं की बर्फ आक्रसतो, फुगतो, त्याला भेगा जातात आणि सगळं तळं गुरगुरतं. इथले जुने लोक म्हणतात, आवाज येतोय म्हणजे बर्फ वाढतोय. मामांनी हे वाक्य ऐकून घेतलं. स्वीकारलं असं मी म्हणणार नाही. माणसाने चालायला स्वच्छ, निळसर बर्फ निदान १० सेंटिमीटर हवा, मोटार न्यायची तर ३० च्या आसपास, आणि हिम भिजून गोठलेला पांढरा बर्फ असेल तर या जाडीवर भिस्त ठेवू नये. आमच्या भोकात हात घालून त्यांनी स्वतः जाडी मोजली. कोपरापर्यंत हात गेला तेव्हा कुठे बाक सुटलं.

खोपट्यात एक शेगडी, दोन बाकं, जमिनीत गिरमिटाने पाडलेली दोन भोकं आणि त्यांवर सारखी जमणारी बर्फाची साय काढायला एक झारा. भोकातून खाली पाहिलं तर काळं पाणी. ते वरपेक्षा खाली जरा उबदार असतं, कारण पाणी सर्वांत जड होतं ते ४ अंशांना. त्याहून थंड पाणी हलकं होऊन वर येतं आणि वरच गोठतं. निसर्गाने हा एक अपवाद केला नसता तर तळी बुडापासून गोठत आली असती, ट्राउट राहिला नसता आणि आम्ही दोघं त्या दिवशी घरी मटार सोलत बसलो असतो.

आणि मग ते यंत्र. फ्लॅशर म्हणतात त्याला. पाण्यात सोडलेला एक डोळा आवाजाच्या लहरी खाली पाठवतो, परत येणारे प्रतिध्वनी मोजतो आणि तबकडीवर रंगीत रेघा उमटवतो. एक जाड रेघ म्हणजे तळ. मध्येच एक बारीक रेघ म्हणजे आपला गळ. काठी जरा उचलली की तीही उचलली जाते. या दोन रेघांमध्ये बराच वेळ काही नसतं. आणि मग तळापासून तिसरीच एक रेघ सुटते. हिरवी, मग नारिंगी, मग लाल. वर येते. आपल्या गळाच्या वीतभर खाली येऊन थांबते.

खोपट्यातलं बोलणं थांबतं. शेगडीसुद्धा जरा हळू जळत असावी. पंचवीस मीटर खाली, अंधारात, एक मासा आपल्या आमिषाकडे बघत असतो आणि तो बघतोय हे आपण बघत असतो. काठीचं टोक हलकेच हलवायचं. रेघ थोडी वर येते. पुन्हा हलवायचं. रेघ तिथेच. मग ती सावकाश, अजिबात घाई न करता, खाली जाते आणि तळाच्या जाड रेघेत मिसळून जाते.

“अरे,” मामा म्हणाले, “हा तर कांदेपोह्यांचा कार्यक्रम आहे.”

ते अगदी खरं होतं. पाहुणे येतात, टेकतात, इकडची तिकडची चौकशी करतात, नीट न्याहाळतात. आपण चमचमीत तेवढं पुढे करतो. ते हात न लावता उठतात, आणि का उठले ते कधीही सांगत नाहीत. रंग पसंत पडला नाही? आकार? उंचीचा प्रश्न होता? आपण गळावरचा चंदेरी चमचा काढून हिरवा लावतो, हिरवा काढून पांढऱ्या रबराचा लावतो, वर एक खरी मासोळी टोचतो. पुढचे पाहुणे येतात. त्यांचाही विचार चालू असतो.

मामांच्या पिढीत बघायला जायचा मान मुलाकडच्यांचा. मामी ठरण्याआधी त्यांनी अलिबाग ते महाड या टापूत बरीच घरं पालथी घातली होती, हे घरातल्या प्रत्येकाला माहीत आहे, कारण मामी ते विसरत नाहीत. त्या दिवशी, पंचाहत्तरी जवळ आलेली असताना, मामा पहिल्यांदा दाखवून घेणाऱ्यांच्या बाजूला बसले होते. दुपारपर्यंत त्यांच्या चेहऱ्यावर जे भाव होते ते मी यापूर्वी फक्त माझ्या आतेबहिणींच्या चेहऱ्यांवर पाहिले होते.

मुरलेले लोक यावर एक तोडगा सांगतात. ट्राउट जवळ आला की आमिष तिथेच लोंबकळत ठेवायचं नाही. वर पळवायचं. झरझर रीळ गुंडाळायचं. खालच्या मासोळ्या मोठा मासा आला की पळतात. जी पळत नाही तिच्यात काहीतरी खोट आहे, असं तो समजतो. पळालं की तो मागे लागतो, कधी कधी थेट बर्फाखालपर्यंत. तबकडीवर दोन लाल रेघा एकमेकींमागे वर धावताना दिसल्या की छाती धडधडते. मामांना हे तंत्र सांगितलं. त्यांनी एकदा करून पाहिलं, रेघ मागे लागली, अर्ध्यावर थांबली आणि परत फिरली. “आता आपण पळतोय हेही त्याला कळलं,” ते म्हणाले.

शेजारच्या खोपट्यातल्या म्हाताऱ्याला मात्र एक मिळाला. आम्हाला बघायला बोलावलं. भोकात आधी बुडबुडे आले, मग मासा. लेक ट्राउटचा हवेचा फुगा घशाशी जोडलेला असतो, त्यामुळे खोलीतून वर ओढताना तो जादा हवा ढेकर देऊन सोडू शकतो. इतर पुष्कळ माशांना ही सोय नाही, त्यांचे फुगे आत फुगत जातात आणि सोडून दिले तरी ते धड परत जाऊ शकत नाहीत. म्हाताऱ्याने माशाचे पर तपासले. एक पर कापलेला होता. म्हणजे हा सरकारी पैदास केंद्रातला. भोवतालच्या शेतांतून, गावांतून वाहून येणाऱ्या फॉस्फरसने शेवाळं माजलं, ते कुजताना खोल पाण्यातला प्राणवायू संपला आणि इथल्या ट्राउटची पिल्लं जगेनाशी झाली. तेव्हापासून, १९६०च्या दशकापासून, पर कापून खूण केलेली पिल्लं तळ्यात सोडतात. २००८ मध्ये ओंटारिओने या एका तळ्यासाठी स्वतंत्र संरक्षण कायदा केला. आता पूर्ण परांचे, म्हणजे इथेच जन्मलेले मासेही गळाला लागतात, आणि असा मासा निघाला की म्हातारी माणसं जरा जास्तच वेळ त्याच्याकडे बघत राहतात.

गंमत अशी, की हाच मासा अमेरिकेतल्या यलोस्टोन तळ्यात खलनायक आहे. तिथे तो मूळचा नाही. कुणीतरी आणून सोडला, १९९४ मध्ये सापडला, आणि तिथल्या मूळच्या कटथ्रोट ट्राउटचा त्याने फडशा पाडला. तिथे सरकार जाळी टाकून त्याला काढतं, आणि गळाला लागला तर परत सोडायलाच मनाई आहे. इकडे पर मोजून कौतुक, तिकडे दिसताक्षणी मृत्युदंड. माशाला यातलं काही माहीत नाही. तो दोन्हीकडे थंड पाणी शोधत असतो, सावकाश वाढत असतो आणि पुष्कळ जगत असतो. पार उत्तरेकडे पन्नाशी ओलांडलेले सापडतात. ग्रेट बेअर या ४४६ मीटर खोल तळ्यात १९९५ मध्ये गळाला लागलेला एक ३३ किलोंच्या आसपास भरला होता. वय नेमकं सांगायचं तर त्याच्या कानातला खडा कापून वर्तुळं मोजावी लागतात. थोडक्यात, त्याला वय विचारायचं तर आधी मारावं लागतं, आणि मोठा म्हणून घरी नेला तर अंगात पारा साठलेला असतो म्हणून बेताने खा, असं सरकारी पुस्तिका बजावते. मामांना हे फार विचित्र वाटलं. रेवदंड्याच्या बाजारात मोठ्या माशाविरुद्ध कुणीही कधी बोललेलं नाही.

परत बसल्यावर मामांनी शांतपणे ते यंत्र बंद केलं. मला त्यांचं म्हणणं पटतं. दिसेनासं झालं की पाण्यात पुन्हा काहीही असू शकतं. मासा नसेल, झोपला असेल, नुकताच जेवला असेल. शंभर कारणं परत मिळतात आणि त्यांतल्या एकाचाही आपल्याशी संबंध नसतो. अर्थात मग मीच थोड्या वेळाने ते पुन्हा सुरू केलं, कारण एकदा दिसायला लागलं की न बघता बसणं ही साधुसंतांची कामं. रेघ खाली होतीच.

सिमकोच्या उत्तर टोकाला, कूचिचिंग तळ्याकडे जाणाऱ्या अरुंद पाण्यात, पाच हजार वर्षांच्या आसपास जुने लाकडी खांब गाळात रोवलेले आहेत. मूळच्या रहिवाशांनी बांधलेले ते माशांचे बंधारे. माशाला त्या वाटेने जावंच लागायचं आणि कुंपणातून तो थेट माणसाच्या हाती यायचा. आमिष नाही, चमचा नाही, माशाच्या आवडीनिवडीचा प्रश्नच नाही. हे मामांना सांगितलं तेव्हा ते मान डोलावून म्हणाले, “शहाणी माणसं.”

रात्री साडेआठला मामींचा फोन आला. रेवदंड्यात सकाळचे सात वाजले होते.

“काय हो, मिळाले का मासे?”

“मिळाला नाही. पण आले होते गं बरेच. अगदी जवळ येऊन, बघून गेले.”

पलीकडे जरा शांतता. मग मामी म्हणाल्या, “निदान खाऊन तरी गेले का?”