लुओयांगपर्यंतचं सीमोल्लंघन

सातव्या शतकात लुओयांगजवळच्या गावात जन्मलेला एक भिक्खू परवाना नसताना, सरहद्दीवरचे पहारे चुकवत चीनमधून निसटला. वाळवंट तुडवत, डोंगर ओलांडत तो भारतात आला आणि फिरत फिरत थेट आपल्या महाराष्ट्रात, दुसऱ्या पुलकेशीच्या राज्यात पोचला. तो ह्युएन त्सांग. त्याच्याकडे ना परतीचं तिकीट होतं, ना हॉटेलचं बुकिंग. मी उलट दिशेनं, म्हणजे डोंबिवलीहून लुओयांगला निघालो तेव्हा माझ्याकडे व्हिसा होता, तिकिटं होती, फोनमध्ये नकाशे होते आणि सात रंगांत रंगवलेली एक एक्सेल शीट होती. ह्युएन त्सांग ठरल्या जागी पोचला, कारण त्याच्याकडे ती शीट नव्हती.

लुओयांगच का, हे बायकोनं तेव्हाही विचारलं होतं. तिला बीजिंगची भिंत पाहायची होती. पण भिंत तर सगळेच पाहतात! सोसायटीत परत येऊन सांगायचं काय? लुओयांग म्हणजे जुन्या राजवंशांची राजधानी, लोंगमेनच्या लेण्यांचं गाव. शिवाय मोठ्या शहरांच्या गर्दीपेक्षा लहान गाव बरं, असं मी ऐटीत सांगितलं. चीनमध्ये ज्याला लहान म्हणतात त्या ह्या गावाची लोकसंख्या, आसपासचे तालुके धरून, ७० लाखांच्या घरात आहे, हे मला नंतर कळलं.

मुहूर्त दसऱ्याचा काढला. २०२५ मध्ये भारतीयांना चीनचा पर्यटक व्हिसा मिळत होता आणि त्या वर्षी गांधी जयंती नि दसरा एकाच दिवशी येऊन नोकरदारांची एक सुट्टी बुडाली होती. त्या बुडीत सुट्टीचा सूड म्हणून मी पुढेमागे रजा टाकली. सीमोल्लंघन करायचं तर खरीखुरी सीमा ओलांडून! शीटमध्ये ‘सुट्ट्या’ असा एक रकाना होता, पिवळ्या रंगाचा. त्यात भारतातल्या सगळ्या सुट्ट्या, अगदी ऐच्छिकसुद्धा, नीट भरल्या होत्या. चीनचा राष्ट्रीय दिन १ ऑक्टोबरला असतो आणि त्या वर्षी त्याला त्यांचा मध्य-शरद सण जोडून आल्यानं १ ते ८ ऑक्टोबर अशी आठ दिवसांची सुट्टी होती, ह्यासाठी रकाना नव्हता. थोडक्यात, अख्खा चीन घराबाहेर पडला त्याच आठवड्यात गर्दी टाळणारा मी तिथे दाखल होणार होतो.

विमानाचं काय सांगू? भारतातून चीनला थेट विमानं २०२० पासून बंद होती, म्हणून आम्ही बँकॉकमार्गे शिआनला गेलो. थेट विमान २६ ऑक्टोबरला सुरू झालं, म्हणजे आम्ही परत येऊन बॅगा माळ्यावर टाकल्यावर.

रेल्वेबद्दल मात्र मी निर्धास्त होतो. ज्यानं आयुष्यभर डोंबिवलीहून सकाळची फास्ट पकडली, त्याला चीनची रेल्वे काय शिकवणार? तिथे सगळी तिकिटं १२३०६ नावाच्या सरकारी संकेतस्थळावर मिळतात. आपल्याकडे ६० दिवस आधी आरक्षण खुलं होतं, म्हणून मी ऑगस्टपासून रोज रात्री जेवणानंतर तिथे डोकावत होतो. एकही गाडी दिसेना. बुलेट ट्रेन बंद पडली असावी, असं मी बायकोला दोनदा सांगितलंही. मग कळलं की तिथे फक्त १५ दिवस आधी विक्री सुरू होते. त्या दिवशी रजा काढून, आंघोळ करून, फोनसमोर बसलो आणि दोन तिकिटं मिळवली. शिआन नॉर्थ ते लुओयांग लोंगमेन, दसऱ्याच्या सकाळची गाडी. ‘लोंगमेन’ हे मला लुओयांगचं आडनाव वाटलं. हॉटेल तर त्याआधीच घेऊन ठेवलं होतं, ‘लुओयांग स्टेशनपासून तीन मिनिटं’. परगावी उतरायचं तर स्टेशनजवळ, हे आमच्या घराण्यात आजोबांपासून चालत आलेलं आहे.

आता त्या ‘नॉर्थ’विषयी. मुंबईच्या माणसाला दिशा म्हणजे काय, हे समजून घ्या. दादर पूर्व आणि दादर पश्चिम ही दोन स्टेशनं नाहीत. डोंबिवली पूर्वेकडून पश्चिमेला जायला पूल चढायचा नि उतरायचा, बस. तेव्हा शिआन नॉर्थ म्हणजे शिआन स्टेशनची उत्तरेकडची बाजू, ह्यात शंका घेण्यासारखं काही नव्हतं. दसऱ्याच्या सकाळी आम्ही जुन्या तटबंदीला लागून असलेल्या शिआन स्टेशनवर रुबाबात उतरलो आणि मी उत्तर बाजू शोधू लागलो.

आणि सापडली हो! शिआन स्टेशनला खरंच उत्तरेकडे एक भलामोठा चौक आहे. त्याच्या समोर थांग राजांच्या दामिंग महालाचं दानफंग द्वार उभं आहे. दृश्य भव्य. फक्त गाडी नव्हती. मी त्या चौकाला एक फेरी मारली. बायको म्हणाली, “अहो, कुणाला तरी विचारा ना.” मी तिला शीट दाखवली. दुसऱ्या फेरीनंतर तिनंच एका गणवेशातल्या मुलीपुढे तिकीट धरलं. त्या मुलीनं तिकीट पाहिलं, आम्हाला पाहिलं, आमच्या बॅगा पाहिल्या आणि फोनवर नकाशा उघडून बोट वर, आणखी वर, पार शहराच्या दुसऱ्या टोकाला नेलं. बुलेट ट्रेनसाठी शहराच्या उत्तर टोकाला २०११ मध्ये एक वेगळंच स्टेशन सुरू झालं आहे. त्याचं नाव शिआन नॉर्थ. चीनमध्ये अशी नॉर्थ, साउथ, ईस्ट, वेस्ट स्टेशनं जागोजागी आहेत आणि त्यांच्यात पूल नसतो, मैलोगणती अंतर असतं.

चार नंबरची मेट्रो दोन्हीकडे जाते. आम्ही धापा टाकत शिआन नॉर्थला पोचलो, सामान तपासणीच्या यंत्रातून काढलं आणि फाटकाकडे धावलो. धावणं हे माझं क्षेत्र. सुटलेल्या लोकलचा दांडा पकडून आत शिरलेला माणूस मी! पण तिथे गाडी सुटायच्या काही मिनिटं आधीच फाटक बंद करतात. शिवाय प्रतीक्षागृह वर आणि फलाट खाली, म्हणजे धावून पकडावं असं नजरेसमोर काही नाहीच. बंद फाटकाशी उभं राहून मी आमची गाडी अगदी वेळेवर सुटल्याची खात्री करून घेतली.

एक गोष्ट मात्र कौतुकाची. तिथे गाडी चुकली तरी त्याच दिवशीच्या दुसऱ्या गाडीवर तिकीट एकदा बदलून मिळतं. खिडकीवरच्या बाईंनी आमचे पासपोर्ट घेतले, बराच वेळ पडद्याकडे पाहिलं आणि दोन तिकिटं दिली. बिनजागेची. उभ्यानं जायचं, भाडं तेच.

बायकोचा चेहरा उतरला. मी मात्र आतून खुलत गेलो. उभ्यानं? दारात? गर्दीत? अखेर चीननं मला माझ्या पात्रतेचं काम दिलं होतं. डब्यात शिरताच मी दाराजवळची मोक्याची जागा धरली. आमच्यासारखे बिनजागेचे बरेच होते, पण ते तयारीनं आले होते. त्यांनी पिशवीतून घडीची छोटी स्टुलं काढली, उकळत्या पाण्याच्या नळावर नूडल्सचे डबे भरले आणि संसार मांडला. ताशी तीनशेच्या आसपास धावणाऱ्या गाडीत उभं राहण्यात काहीच कौशल्य लागत नाही, हे पाहून मी जरा खट्टू झालो. ना धक्का, ना हिसका. माझी एवढ्या वर्षांची तालीम फुकट!

मग मी हुकमाचं पान काढलं. लोकलमध्ये बसलेल्या माणसाला ‘कुठे उतरणार?’ विचारून त्याची जागा आपल्या नावावर लावायची, ही मुंबईची रीत. भाषांतराच्या ॲपमध्ये तो प्रश्न घालून मी एका गृहस्थापुढे फोन धरला. त्यांनी तो वाचला, घाबरून तिकीट काढून दाखवलं आणि ओळखपत्रही काढू लागले. त्यांना मी तिकीट तपासनीस वाटलो. ते सानमनशिया साउथला उतरणार होते. तिथे ते उतरताच मी त्या जागी झेप घेतली, बायकोला हाक मारली, आणि त्याच क्षणी गाडीत चढलेली एक मुलगी येऊन विनयानं माझ्यापुढे उभी राहिली. जागा तिची होती, आरक्षित. मी उठलो. मुलीनं माझ्या पिकल्या केसांकडे पाहून पुन्हा बसायची खूण केली. त्या क्षणी बायको माझ्या आधी बसली. पुढचा सगळा प्रवास मी आणि ती मुलगी दारात उभे होतो.

लुओयांग लोंगमेनला उतरलो आणि मी तीन मिनिटांवरचं हॉटेल शोधायला निघालो. पंधरा मिनिटांनी बायको बॅगेवर बसली. “ह्यालाही नॉर्थ आहे का?” तिनं शांतपणे विचारलं. नव्हतं. पण लुओयांगला ‘लुओयांग’ नावाचं जुनं स्टेशन वेगळं आहे, शहराच्या उत्तर भागात, आणि आमचं हॉटेल त्याच्याजवळ होतं. लोंगमेनचं स्टेशन दक्षिणेला. लेणीही दक्षिणेलाच. म्हणजे जे पाहायला आलो ते ह्या टोकाला, आणि पाठ टेकायची त्या टोकाला. दोन नंबरची मेट्रो दोन्ही स्टेशनांना जोडते, पण सकाळच्या अनुभवानंतर माझा मेट्रोवर राग होता, म्हणून टॅक्सी केली आणि सुट्टीच्या रहदारीत अडकून बसलो. चालकाला हॉटेलचं नाव रोमन अक्षरांत वाचता येईना. ते चिनी लिपीत लिहून घ्यायचं असतं, हे माझ्या शीटच्या कुठल्याच रंगात नव्हतं.

लेणी मात्र पाहिली, आणि पाय निघेना. अजिंठा ज्यानं पाहिला आहे त्यानं यी नदीच्या काठचा तो कडा जरूर पाहावा. उत्तर वेई राजांनी पाचव्या शतकाच्या शेवटी राजधानी लुओयांगला हलवली तेव्हा इथे कोरीव काम सुरू झालं आणि पुढे शतकानुशतकं चाललं. फंगशियान मंदिरातला वैरोचन बुद्ध १७ मीटरहून उंच आहे. वू झत्येन राणीनं त्याच्यासाठी आपल्या प्रसाधनाच्या खर्चातले पैसे दिले होते, असा तिथला शिलालेख सांगतो. हे वाचून बायको म्हणाली, “बाईच्या पावडरीच्या पैशांतून एवढं उभं राहिलं. तुमच्या एक्सेलमधून काय निघालं?”

दुसऱ्या दिवशी श्वेताश्व मंदिरात गेलो. पहिल्या शतकात भारतातून दोन भिक्खू पांढऱ्या घोड्यावर ग्रंथ लादून आले आणि हे मंदिर उभं राहिलं, अशी परंपरा आहे. त्याच्या आवारात सांचीच्या धर्तीवरचं एक भारतीय मंदिर आहे. त्याचं उद्घाटन २०१० मध्ये आपल्या जळगावच्या प्रतिभाताई पाटील राष्ट्रपती असताना त्यांच्या हस्ते झालं. माझा ऊर भरून आला. आम्ही त्याच्यासमोर उभे राहताच चिनी पर्यटकांची रांग लागली. बऱ्याच कुटुंबांनी मंदिरासोबत आमचेही फोटो काढले. तिकिटात आम्हीही येतो, असा त्यांचा समज झाला असावा.

ह्युएन त्सांगनं महाराष्ट्रातल्या लोकांबद्दल लिहून ठेवलं आहे की ते केलेले उपकार स्मरतात आणि अपमानाचा बदला घेतल्याशिवाय राहत नाहीत. बायकोच्या बाबतीत हे निरीक्षण आजही चोख आहे. पुढच्या सहलीची शीट ती करणार आहे.

तर तुम्ही लुओयांगला जाणार असाल तर एवढं करा. तिकिटावर ‘लोंगमेन’ असेल तर हॉटेल त्या बाजूला घ्या, त्याचा पत्ता चिनी लिपीत लिहून घ्या, शिआनहून निघताना ‘नॉर्थ’ला पूल शोधू नका, आणि ऑक्टोबरचा पहिला आठवडा सोडून वर्षातला कुठलाही दिवस निवडा.