दोंडाईच्यात द्विवचन चालवण्याची सोपी पद्धत

दोघांसाठी वेगळे वचन हवेच, असे एकदा मनाने घेतले की माणूस कामातून जातो. तुमचे तसे झाले असेल तर घाबरू नका. हे वचन प्राकृतातच गळून पडले आणि तेव्हापासून कोणाचे काही अडलेले नाही. म्हणूनच ते परत आणायला तुमच्यासारखा रिकामा माणूस लागतो.

१. घरातल्या पोराला संस्कृत घ्यायला लावा. कारण विचारले तर ‘मार्क पडतात’ एवढेच सांगा. यापलीकडे कारण सांगणाऱ्याकडे लोक संशयाने बघतात.

२. त्याच्या शब्दरूपांच्या तक्त्याचा मधला, द्विवचनाचा रकाना आधी भरा. देवौ, देवाभ्याम्, देवयोः. संबोधन धरून आठ विभक्त्या, रूपे तीनच! मिरचीच्या मार्केटातही असा सौदा पटत नाही.

३. आता रस्त्यावर उतरा. इथे पहिली ठेच लागेल. इथल्या अहिराणीत ‘कथा चालनात?’ (कुठे चाललात?) हे दोघांनाही चालते आणि अख्ख्या वऱ्हाडालाही. त्याहून मोठी अडचण अण्णांची. एकटे अण्णा आले तरी आपण ‘अण्णा आले’ म्हणतो, म्हणजे एका माणसाला अनेकवचन आधीच देऊन बसलो. उद्या अण्णा आणि बापू जोडीने आले, तर त्यांना द्विवचन देणे ही सरळ पदावनती. बापू एक वेळ सोडून देतील, अण्णा भाऊबंदकीपर्यंत नेतील. तेव्हा सराव लहान मुलांवर करा.

४. तरीही जमले नाही तर ताहितीची मदत घ्या. पॅसिफिक महासागरातल्या त्या बेटावर ‘ताउआ’ म्हणजे तू आणि मी, दोघेच. ‘माउआ’ म्हणजे मी आणि तो, तू नाहीस. तिघे झाले की ‘तातोउ’ आणि ‘मातोउ’. ऐकणाऱ्याला धरायचे की वगळायचे, हे आपल्यालाही ‘आपण’ आणि ‘आम्ही’मध्ये छान जमते, हिंदीवाल्यांचे ‘हम’ बिचारे तिथेच घुटमळते. पण मोजणी आपल्याकडे नाही. स्टेशनाबाहेर एखाद्याला ‘चला, आपण चहा घेऊ’ म्हणा. त्याच्या मागून चार जण येतात, कारण ‘आपण’ला वरची मर्यादा नाही. ‘ताउआ’ म्हटले असते तर दोन कपांत भागले असते. द्विवचनाचा खरा उपयोग हाच. व्याकरणाच्या पुस्तकात तो का देत नाहीत कोण जाणे.

५. हात बसला की नगरपरिषदेत अर्ज द्या. नाव ‘दोंडाईचा-वरवाडे नगरपरिषद’. रामलक्ष्मणौ, तशी गावेही दोन. मग पाटीवर द्विवचनी प्रत्यय का नाही, असे नम्रपणे विचारा. बहुतेक वेळा अर्जावर आवक क्रमांक पडेल आणि विषय मिटेल. पण टेबलापलीकडच्या साहेबांनी मान वर न करता ‘हा समाहार द्वंद्व आहे, एकवचनच लागतं,’ असे सांगितले, तर वाद घालू नका. पोच घ्या, थकलेली घरपट्टी भरा आणि निघा.